रग्बी एक, वर्ल्डकप दोन! युनियन आणि लीगचं भांडण नेमकं कशावरून?

मोबाईलवर कबड्डीची एखादी भारी पकड बघितली की तिच्या पाठोपाठ हल्ली रग्बीचे व्हिडिओ यायला लागतात. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळणारा धिप्पाड गडी, त्याला आडवं करायला धावणारे तिघं-चौघं आणि चिखलात लोळणारी सगळी फौज. बघायला मजा येते. पण दोन-चार व्हिडिओ नीट बघितले तर माणूस गोंधळतो. एकात गडी पाडला की त्याच्यावर माणसांचा ढीग होतो आणि चेंडूसाठी ओढाताण सुरूच राहते. दुसऱ्यात गडी पडला की बाकीचे बाजूला होतात, तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ परत चालू. एका संघात १५ जण, दुसऱ्यात १३.

कारण साधं आहे. रग्बी नावाचे दोन वेगळे खेळ आहेत. एक रग्बी युनियन, दुसरा रग्बी लीग. दोघांच्या संघटना वेगळ्या, नियम वेगळे, वर्ल्डकपही वेगळे. चाहत्यांचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात खरा खेळ कुठला, कुठला वर्ल्डकप भारी, कुठला फुसका, यावर आजही तावातावाने वाद होतात. ऐकणाऱ्याला वाटतं भांडण नियमांचं आहे. मुळात ते भांडण बुडालेल्या रोजाचं आहे.

शनिवारचा खाडा

रग्बी हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव. तिथल्या शाळेत हा खेळ वाढला म्हणून खेळालाही तेच नाव पडलं. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या पोराने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन पळ काढला आणि खेळ जन्मला, अशी गोष्ट सांगतात. तिला ठोस पुरावा नाही, तरी युनियनच्या वर्ल्डकपला नाव त्याचंच आहे.

१८७१ मध्ये लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. ती चालवणारे लोक भारी फी भरून शिकलेले, खाऊन-पिऊन सुखी. खेळासाठी पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. त्यांना तो परवडत होता.

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये चित्र वेगळं होतं. तिथले खेळाडू म्हणजे कापड गिरणीतले आणि कोळसा खाणीतले कामगार. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं आणि सामनेही शनिवारीच. लांबच्या गावाला खेळायला जायचं तर कामावर खाडा पडायचा आणि त्या दिवसाची मजुरी कापली जायची. इकडे सामन्याला हजारोंची गर्दी, तिकिटाचा पैसा क्लबकडे जमा, आणि ज्याच्या अंगावर खेळ चाललाय त्याच्या घरात त्या आठवड्याला पैसे कमी. उत्तरेकडच्या क्लबांची मागणी एवढीच होती की खेळाडूला पगार नको, पण त्याचा बुडालेला रोज तरी भरून देऊ द्या.

१८९३ मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव मतदानाला आला. बाजूने १३६, विरोधात २८२. ठराव पडला.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या २० हून जास्त क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं नॉर्दर्न युनियन. खेळाडूला खाड्याबद्दल दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग द्यायचे ठरले. नियम त्या दिवशी काहीच बदलले नव्हते. खेळ अगदी तोच होता, फक्त मजुरी मिळणार होती. पुढे १९२२ मध्ये या संघटनेचं नाव रग्बी फुटबॉल लीग झालं आणि तेव्हापासून युनियन आणि लीग ही दोन नावं पक्की झाली.

आता मजुरी द्यायची तर तिकीटबारीवर गर्दी हवी आणि गर्दी हवी तर खेळ पळता हवा. म्हणून लीगवाल्यांनी एकेक नियम छाटला. १८९७ मध्ये लाईनआऊट काढलं. १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले आणि पाडलेल्या गड्याला उठून चेंडू मागे सरकवण्याची मुभा दिली. म्हणजे आज जो फरक मोबाईलवर दिसतो, तो या पोटापाण्याच्या हिशोबातून आलेला आहे.

युनियनने याची शिक्षा जबर ठेवली. पैसे घेऊन लीग खेळलेल्या माणसाला युनियनमध्ये कायमची बंदी. नुसती चाचणी दिली तरी बंदी. वेल्समध्ये खाणकामगारांची पोरं युनियन खेळत, पण घर चालवायची वेळ आली की लीगच्या क्लबकडे जात. 'उत्तरेला गेला' एवढं म्हटलं की गावाला कळायचं, हा आता परत आपल्या मैदानावर दिसणार नाही. कार्डिफच्या बंदर वस्तीतला बिली बॉस्टन हा कृष्णवर्णीय पोरगा १९५३ मध्ये असाच विगन क्लबकडे गेला आणि लीगमध्ये ५७१ ट्राय करून बसला. २०२५ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. तो मिळवणारा तो रग्बी लीगचा पहिला खेळाडू. १८९५ ते २०२५, मोजा किती वर्षं झाली ते.

ऑस्ट्रेलियातही सुरुवात अशीच झाली. सिडनीचा अ‍ॅलेक बर्डन हा पेशाने न्हावी. खेळताना जायबंदी झाला, काम बुडालं आणि युनियनने भरपाई दिली नाही. त्यावरून १९०७ मध्ये असंतोष पेटला. त्यासाठी ज्या बैठका झाल्या त्यात व्हिक्टर ट्रम्पर पुढे होता. हा तोच ट्रम्पर, क्रिकेटमधला ऑस्ट्रेलियाचा नावाजलेला फलंदाज. सिडनीत त्याचं खेळाच्या साहित्याचं दुकान होतं, तिथेही खलबतं झाली. १९०८ मध्ये सिडनीत लीग सुरू झाली आणि तिथे आजही लीग हाच मोठा खेळ आहे.

फ्रान्समधला प्रकार सगळ्यात वाईट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताटाखालचं सरकार तिथे होतं. त्या सरकारने १९४१ मध्ये रग्बी लीगवर थेट बंदी घातली आणि संघटनेची मालमत्ता जप्त केली. युद्ध संपलं तरी बरीच वर्षं त्यांना आपल्या नावात 'रग्बी' हा शब्दही लावता येत नव्हता. लीगवाले युनियनवर एवढे का चिडतात, हे कळायला एवढी एक गोष्ट पुरे.

मैदानात फरक काय?

दोन्हीकडे मैदान साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटरच्या आत-बाहेर रुंद. आपल्या मापात पावणेदोन एकर रान. सामना ८० मिनिटांचा. चेंडू हाताने फक्त मागच्या बाजूला फेकता येतो, पुढे न्यायचा तर पळत न्यायचा किंवा लाथेने मारायचा. समोरच्याच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. युनियनमध्ये त्याचे ५ गुण, लीगमध्ये ४. ट्रायनंतर दोन खांबांमधून चेंडू मारला की दोन्हीकडे आणखी २.

खरा फरक गडी पडल्यावर. लीगमध्ये एका संघाला सहा पकडी मिळतात. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्याकडे. त्यामुळे पाचव्या पकडीनंतर बहुतेक वेळा चेंडू लांब मारून मोकळे होतात. कबड्डीतली 'करो या मरो'ची चढाई आठवा, तसाच तो क्षण. युनियनमध्ये असा आकडा नाही. पाडलेल्या गड्यावर दोन्ही संघ तुटून पडतात आणि चेंडू हिसकावण्याची झुंज चालू राहते. शिवाय आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून रेटतात तो स्क्रम आणि बाहेर गेलेला चेंडू झेलायला गड्याला उचलून धरतात ते लाईनआऊट. स्क्रम लीगमध्येही आहे, पण तिथे आता तो नावापुरता उरलाय.

दंडाच्या किकचे युनियनमध्ये ३ गुण, लीगमध्ये २. हा आकडा छोटा वाटतो, पण वादाचं निम्मं मूळ इथे आहे. युनियनचे १९९५ आणि २००७ चे दोन्ही अंतिम सामने एकही ट्राय न होता, नुसत्या किकवर निकाली निघाले. २०२३ मध्ये न्यूझीलंडने एक ट्राय केला, दक्षिण आफ्रिकेने एकही नाही. आफ्रिकेने चार दंडाच्या किक मारून १२-११ ने कप नेला. लीगवाले म्हणतात, रेषा ओलांडली नाही तो जिंकतो, हा कसला खेळ? आणि शिट्टी कशासाठी वाजली हे अर्ध्या प्रेक्षकांना कळत नाही. युनियनवाले उलटून म्हणतात, तुमचं काय, पाडा-उठा-पाडा-उठा, सहा मोजा आणि लाथ मारा. जाड, बुटका, उंच, चपळ, सगळ्या अंगकाठीच्या माणसाला जागा असलेला खेळ आमचाच. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला लीग लवकर कळते, हे मात्र मान्य करायला हवं.

कप बनला कलकत्त्याच्या रुपयांचा

देशादेशांमधल्या सामन्यांतला सगळ्यात जुन्या कपांपैकी एक आपल्या मातीतला आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रज आणि स्कॉटिश-आयरिश-वेल्श मंडळींचा रग्बी सामना झाला. त्यातून क्लब निघाला. काही वर्षांत उन्हामुळे आणि पोलो-टेनिसच्या नादाने माणसं कमी झाली आणि क्लब बंद करायची वेळ आली. बँकेत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयात काढली, वितळवली आणि तिचा कप घडवून लंडनच्या युनियनला दिला. कपाच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड दर वर्षी या 'कलकत्ता कप'साठी भिडतात. १९८८ मध्ये सामन्यानंतर दोन खेळाडूंनी एडिनबरोच्या रस्त्यावर हाच कप चेंडूसारखा लाथाडला आणि त्याला पोचे पडले. आपल्या रुपयांची अशी गत.

युनियनच्या वर्ल्डकपचे चढ-उतार

युनियनला वर्ल्डकप सुचायला १९८७ साल उजाडलं. तेव्हापासून २०२३ पर्यंत दहा स्पर्धा झाल्या. दक्षिण आफ्रिका चार वेळा, न्यूझीलंड तीन, ऑस्ट्रेलिया दोन आणि इंग्लंड एकदा. दहा स्पर्धांत फक्त चार देश. चाहत्यांची पहिली तक्रार हीच. आयर्लंडसारखा बलाढ्य संघ आजवर उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही.

सगळ्यात मोठा क्षण कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण १९९५ म्हणतात. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका पहिल्या दोन वर्ल्डकपमध्ये नव्हती. तिसरा थेट तिच्याच घरी. काळ्या लोकांना आफ्रिकेची हिरवी जर्सी म्हणजे गोऱ्यांच्या जुलमाची खूण वाटायची. २४ जून १९९५ ला अंतिम सामन्याच्या दिवशी नेल्सन मंडेला तीच जर्सी, कर्णधाराचा ६ नंबर पाठीवर, घालून मैदानात आले. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या किकवर आफ्रिका १५-१२ ने जिंकली. न्यूझीलंडचे चाहते आजही कुरकुरतात की आमच्या खेळाडूंना सामन्याआधी विषबाधा झाली होती. ते काहीही असो, त्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स, हेही विसरता येत नाही. पूर्ण वर्तुळ व्हायला २०१९ उजाडलं. त्या वर्षी कप उचलणारा सिया कोलिसी हा आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. गरीब वस्तीतला पोरगा. २००७ चा अंतिम सामना त्याने गुत्त्यावर बसून बघितला होता, कारण घरी टीव्ही नव्हता.

दुसरा नंबर लागतो जपानचा. १९९५ मध्ये याच जपानला न्यूझीलंडने १४५-१७ ने धुतलं होतं. २०१५ पर्यंत वर्ल्डकपमध्ये जपानच्या नावावर एकच विजय होता. १९ सप्टेंबर २०१५ ला ब्रायटनमध्ये समोर दोन वेळचा विजेता दक्षिण आफ्रिका. शेवटच्या मिनिटाला जपान तीन गुणांनी मागे आणि दंडाची किक मिळालेली. मारली तर बरोबरी पक्की. कर्णधार मायकेल लीचने किक नाकारली, स्क्रम मागितला आणि शेवटी कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय केला. ३४-३२. चार वर्षांनी जपानने घरच्या वर्ल्डकपमध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. मात्र त्याच स्पर्धेत हागिबिस चक्रीवादळामुळे तीन सामने रद्द करावे लागले.

न्यूझीलंडवाल्यांची लाडकी गोष्ट २०११ ची. घरचा वर्ल्डकप, किक मारणारे खेळाडू एकामागून एक जायबंदी. संघात नसलेला स्टीफन डोनाल्ड नदीवर मासे धरत होता, तेव्हा त्याला बोलावणं आलं. अंतिम सामन्यात मैदानात उतरला तेव्हा जर्सी पोटावर आखूड पडत होती. त्यानेच दंडाची किक मारली आणि न्यूझीलंड ८-७ ने जिंकलं. याआधी ज्याला लोक शिव्या घालत होते, तोच देशाचा लाडका झाला.

इंग्लंडवाले २००३ सोडून दुसरं काही बोलत नाहीत. सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळ संपायला अर्धं मिनिटही उरलं नव्हतं आणि जॉनी विल्किन्सनने उजव्या, म्हणजे त्याच्या कमी सवयीच्या पायाने चेंडू खांबांमधून मारला. २०-१७. पण बारा वर्षांनी वर्ल्डकप घरी असताना हाच इंग्लंड गटातच गारद झाला. एकट्याने वर्ल्डकप भरवणाऱ्या यजमानाची अशी नाचक्की आधी कधी झाली नव्हती.

उतारांची यादी काढली तर शिट्ट्यांचा विषय निघतोच. २००७ मध्ये फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ ने घरी पाठवलं, तेव्हा ट्रायआधीचा पास पुढे गेला होता आणि पंचाला दिसला नाही. २०१५ मध्ये स्कॉटलंड शेवटच्या क्षणी चुकीच्या दंडामुळे ऑस्ट्रेलियाकडून ३५-३४ ने हरलं. शिट्टी वाजवून पंच थेट धावत आत गेला. निर्णय चुकला होता हे नंतर जागतिक संघटनेने मान्य केलं, पण स्कॉटलंड तोवर विमानात बसलं होतं. आणि एकतर्फी सामने तर आहेतच. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-० असं हरवलं. असा सामना कुणासाठी भरवतात, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

लीगचा वर्ल्डकप आधीचा, पण...

लीगवाले एक गोष्ट छातीठोक सांगतात. आमचा वर्ल्डकप १९५४ चा, तुमच्या आधी ३३ वर्षं. आणि तो भरला कुठे? त्याच फ्रान्समध्ये, जिथे १३ वर्षांपूर्वी खेळावर बंदी आली होती. ग्रेट ब्रिटनचे नावाजलेले बरेच खेळाडू त्या दौऱ्यावर गेलेच नाहीत. दुसऱ्या फळीचा संघ पाठवला आणि त्यानेच पॅरिसमध्ये फ्रान्सला १६-१२ ने हरवून कप आणला.

१९७२ चा ब्रिटनचा कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. अंतिम सामन्यात त्याने जवळपास अख्खं मैदान पळून ट्राय केला. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि आधीच्या कामगिरीवर कप ब्रिटनला मिळाला. युनियनमध्ये आफ्रिकेला कोलिसी मिळायला त्यानंतर ४६ वर्षं लागली. कामगारांच्या खेळाची ही बाजू लीगवाल्यांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

पण मग ब्रिटनला परत कप मिळालाच नाही. आजवरच्या १६ स्पर्धांत ऑस्ट्रेलिया १२ वेळा, ब्रिटन तीनदा, न्यूझीलंड एकदा. युनियनमध्ये चारच विजेते म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे तीनच आहेत. २००८ मध्ये न्यूझीलंडने ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाला ३४-२० ने हरवलं तेव्हा त्यामुळेच एवढा जल्लोष झाला. खुद्द ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड या दोन राज्यांच्या मालिकेला वर्ल्डकपपेक्षा जास्त भाव आहे.

लीगचा तळ म्हणजे २०००. थंडी-पावसात स्टेडियम रिकामी, ऑस्ट्रेलिया ११० आणि रशिया ४ असले निकाल आणि तोट्याचा डोंगर. पुढचा वर्ल्डकप भरायला आठ वर्षं गेली. दुसरा धक्का २०२३ चा. २०२५ चा वर्ल्डकप घेतलेल्या फ्रान्सने पैशाच्या कारणावरून हात वर केले. ज्या देशाने हा कप जन्माला घातला, त्यानेच तो परत केला.

अलीकडचे चांगले दिवस आणले ते प्रशांत महासागरातल्या बेटांनी. टोंगाची लोकसंख्या लाखभर, आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. २०१७ मध्ये न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडून खेळू शकणाऱ्या काही मोठ्या खेळाडूंनी जादा मानधन सोडून आई-बापाच्या टोंगाकडून खेळायचं ठरवलं आणि न्यूझीलंडला २८-२२ ने हरवलं. उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून २०-१८ ने हरले, पण ऑकलंडचं मैदान त्या दिवशी टोंगाच्या लाल रंगाने भरलं होतं. २०२२ मध्ये सामोआने इंग्लंडला त्यांच्याच देशात २७-२६ ने हरवून अंतिम फेरी गाठली. पापुआ न्यू गिनीत तर लीग हाच राष्ट्रीय खेळ आहे.

१९९५ नंतर उलटी गंगा

ऑगस्ट १९९५ मध्ये, हडर्सफील्डच्या त्या बैठकीला १०० वर्षं पूर्ण होत असतानाच, युनियनने पैशावरची बंदी उठवली. त्याआधी दोन महिने आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी टीव्ही हक्कांसाठी १० वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा करार केला होता. बुडालेल्या रोजाला नाही म्हणणारी युनियन टीव्हीच्या पैशाला नाही म्हणू शकली नाही.

मग ओघ उलटा सुरू झाला. लीगचे खेळाडू युनियनकडे जायला लागले. २००३ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय करणारा जेसन रॉबिन्सन विगनच्या लीगमध्ये तयार झालेला. सॅम बर्जेसचं मात्र वाटोळं झालं. २०१४ मध्ये गालाचं हाड मोडलेलं असताना सिडनीत लीगचा अंतिम सामना जिंकलेला हा गडी युनियनमध्ये आला, घाईघाईत वर्ल्डकपला घेतला गेला आणि २०१५ च्या नामुष्कीचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. वर्षाच्या आत तो लीगकडे परत गेला. एका चेंडूचे असले तरी दोन खेळ आता किती लांब गेलेत, ते यातून दिसतं.

ज्यावर दोन्हीकडे कुणी भांडत नाही

१९९५ च्या वर्ल्डकपमध्ये आयव्हरी कोस्टचा मॅक्स ब्रिटो टोंगाविरुद्ध ढिगाखाली सापडला आणि मानेखाली लुळा झाला. मंडेलांच्या जर्सीची गोष्ट सांगताना तोच वर्ल्डकप असल्याचं फारसं कुणी सांगत नाही.

स्टीव्ह थॉम्पसन हा २००३ च्या इंग्लंड संघात स्क्रमच्या ऐन मध्यावर असायचा. २०२० मध्ये त्याने जाहीर केलं की आपल्याला स्मृतिभ्रंश झालाय. वय ४२. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम. ज्या विजयाची सगळा इंग्लंड आठवण काढतो, तो जिंकल्याचं त्याला स्वतःलाच आठवत नाही. त्याच्यासारखे शेकडो माजी खेळाडू आपापल्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेलेत. त्यात युनियनचेही आहेत आणि लीगचेही. अ‍ॅलेक बर्डनचा १९०७ चा प्रश्न, अंग मोडलं तर भरपाई कोण देणार, तो दोन्ही खेळांपुढे परत उभा आहे. दोन्हीकडे आता खांद्यावरच्या पकडीला कडक शिक्षा आहे. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला अशाच पकडीबद्दल लाल कार्ड मिळालं. पुरुषांच्या वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं.

आपल्याकडे काय?

भारतात खेळला जातो तो युनियनच, त्यातही सात-सात खेळाडूंचा झटपट प्रकार जास्त. सात-सात मिनिटांचे दोन डाव, ऑलिंपिकमध्येही हाच. २०१६ ला फिजीने त्यात सुवर्ण जिंकलं, देशाच्या इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक. तिथल्या सरकारने त्याच्या आठवणीत ७ डॉलरची नोट काढली. मुंबईत बॉम्बे जिमखान्याचं मैदान रग्बीचं जुनं घर. अभिनेते राहुल बोस भारताकडून खेळले आणि पुढे देशाच्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या वाहबिझ भरूचा हिने महिला संघाचं नेतृत्व केलं. २०१९ मध्ये भारतीय मुलींनी सिंगापूरला २१-१९ ने हरवून १५ जणींच्या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. विजयी किक मारणारी सुमित्रा नायक ओडिशाच्या आदिवासी भागातली. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला सात-सातची रग्बी प्रीमियर लीगही झाली. नावात 'लीग' असलं तरी खेळ युनियनचा, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

पुढचे दोन वर्ल्डकप एकाच देशात ठरलेत. फ्रान्सने सोडलेला लीगचा वर्ल्डकप २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात, काही सामने पापुआ न्यू गिनीत. युनियनचा २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तोही ऑस्ट्रेलियात, पहिल्यांदाच २४ संघांचा. ऑस्ट्रेलियाची वेळ आपल्या पुढे असल्याने तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी दिसतील.